नालीच्या अलीकडचं अंगण

घर नीटनेटकं ठेवायला फार अक्कल लागत नाही, वेळ लागत नाही, आणि हल्लीची मासिकं सांगतात तशी तऱ्हेतऱ्हेची फडकीही लागत नाहीत. थोडी भीती लागते. भीती पुरेशी असली की सवयी आपोआप लागतात, आणि भीती निघून गेली तरी सवयी जात नाहीत. मी आजही सकाळी दिवसभराच्या कामांची यादी करते आणि झालेलं काम खोडत जाते. पाहुणे याला शिस्त म्हणतात. ही शिस्त आमच्या घरात कशी शिरली ते मला माहीत असल्यामुळे मी ते कौतुक मुकाट्याने घेते.

बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आम्हाला वर्ष होत आलं होतं, तेव्हा आम्ही समुद्रपूरकडचं आमचं गाव सोडून वर्ध्याला आलो. कारण माझी मोठी बहीण. तिला आम्ही ताई म्हणायचो. ती मामाकडे राहून शिकत होती आणि आता मॅट्रिकच्या वर्गात जायची होती. मामाचं मत पडलं की मुलीच्या जातीला एवढं पुरे, आणि मत नुसतं न देता त्याने एक मुलगाही पाहून ठेवला. बाबांनी त्याच्याकडून वर्षाची मुदत मागून घेतली. मॅट्रिकची परीक्षा झाली तर ठीक. मध्येच वर्ष मोडलं तर ताईच्या हळदीला उशीर लागणार नव्हता.

बाबा केळझरच्या बाजूला एका खेड्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते. शनिवारी दुपारी सायकलने यायचे आणि सोमवारी उजाडताच परत जायचे. वर्ध्यात जागा शोधताना त्यांच्या ध्यानात आलं की शहरात रिकाम्या खोल्या पुष्कळ आहेत, पण आडनाव सांगितलं की त्या भरतात. कोणाचा भाचा शिकायला यायचा असे, तर कोणाला एकाएकी सरपण ठेवायला जागा कमी पडे. शेवटी एका विधवा बाईच्या घरामागच्या दोन खोल्या मिळाल्या. पूर्वी त्यांत कापूस भरायचे. दुसरं कोणी त्या घेत नव्हतं, हे आमचं भाग्य.

मालकीणबाईंनी बाबांना अट सांगितली ती मी बाजूला उभी राहून ऐकली.

"पाहा मास्तर, मी जातपात काई मानत नाई. माहं एकच हाय. घर साफ पाह्यजे. घान दिसली का खोली खाली करा लागन."

जातपात न मानणारी माणसं त्या काळी वर्ध्यात खूप होती. प्रत्येकाचं असं 'एकच' काहीतरी असायचं.

मालकीणबाईंच्या आवारात विहीर होती, आणि कोपऱ्यावर सरकारी नळ. आम्ही नळावरून पाणी आणायचो. विहिरीवर येऊ नका असं आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि येऊ का असं आम्हीही विचारलं नाही. इतकी समजूतदार माणसं एका अंगणात राहत असल्यावर भांडणं कशी होणार?

आम्ही आईला माय म्हणायचो. मायने पहिल्या दिवशी खोलीच्या मधोमध उभं राहून वर पाहिलं. आढ्याला, वाशांच्या बेचक्यांत, भिंतींच्या भेगांत कापूस अडकलेला होता. तो काढला तरी संपायचा नाही. वारा आला की कुठून तरी एक पुंजका अलगद खाली यायचा आणि नेमका वरणात पडायचा. त्या कापसाशी मायचं वर्षभर युद्ध चाललं. पण खरं युद्ध उंबऱ्याशी होतं. मालकीणबाई दिवसातून केव्हाही तिथे येऊन उभ्या राहत. आत पाऊल टाकत नसत. मान तेवढी आत येई, आणि नाक.

"काय सैपाक?" त्या विचारत, आणि उत्तर येईपर्यंत त्यांचे डोळे चारही कोपरे फिरून येत.

म्हणून आमच्या घराचे नियम झाले. उठलेल्याने आपली वाकळ झटकून, घडी करून पेटीवर ठेवल्याशिवाय तोंडाला पाणी लावायचं नाही. जेवलेल्याने आपलं ताट उचलून, घासून, पालथं घातल्यावरच पुढचं बोलायचं. चूल रोज विझल्यावर पांढऱ्या मातीने पोतारायची. कंदिलाची काच दिवसाउजेडी राखेने पुसून ठेवायची, कारण काजळी धरलेली काच पाहून मालकीणबाई "दिवा मलूल दिसते" म्हणत, आणि त्यांच्या तोंडी दिवा मलूल होणं म्हणजे खोली खाली होण्याची सुरुवात होती. चपला भिंतीकडे तोंड करून. दोरीवर कपडा वाळला की तो दोरीवर दिसता कामा नये. सुकट, मटण या घरात शिजणार नाही, कारण वास हाही पसाराच. आणि सगळ्यांत मोठा नियम: "खाली हातानं उठाचं नाई." बसल्या जागेवरून उठायचं तर जवळची एखादी वस्तू उचलून तिच्या जागेवर न्यायची. घर झाडण्यापेक्षा घर पसरू न देणं स्वस्त पडतं, हे मी तिथे शिकले. लेखनात याला सुविचार म्हणतात. आमच्याकडे ती भाड्याची अट होती.

बाबांना मात्र हा नियम कधी लागू पडला नाही. ते शाळेत मुलांची नखं तपासत, आरोग्यावर धडा घेत, आणि शनिवारी घरी आले की सदरा काढून जिथे उभे असतील तिथे सोडत. माय तो त्यांच्या पाठोपाठ उचलत जायची.

मालकीणबाईंच्या घराचं म्हणाल तर त्यांच्या वसरीवर कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या मोळ्या, मोडकी बाज, गंजलेले डबे आणि गेल्या वर्षीचं कडब्याचं कुटार एकावर एक नांदत होतं. दाराशी म्हैस होती. ती आपल्या जागी जे करायचं ते करी आणि ते दुपारपर्यंत तिथेच असे. पण त्यांची घाण घरची होती. तपासायची होती ती आमची स्वच्छता.

अंगण दोघींत एक. मधून एक उघडी नाली जायची, त्यांच्या न्हाणीपासून गल्लीपर्यंत. नालीच्या अलीकडे आमची बाजू, पलीकडे त्यांची. त्यांच्या बाजूला कडुनिंबाचं मोठं झाड. माय पहाटे सडा टाकून आमची बाजू झाडायची आणि नालीशी येऊन थांबायची. त्यांची बाजू त्या झाडायच्या, गुडघ्याला हात लावत, दुखण्याच्या नावाने काहीतरी पुटपुटत.

माघ सरता सरता कडुनिंब पानं गाळायला लागतो. झाड त्यांचं, वारा सगळ्यांचा. माय झाडून मागे वळते न वळते तोच पिवळ्या पानांची आणखी एक लाट नाली ओलांडून यायची. ताईची परीक्षा फाल्गुनात होती. ती आमच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली असायची, पानं तिच्या वेणीत अडकायची, आणि मालकीणबाई पलीकडून म्हणायच्या, "काय वं मास्तरीन, तुमच्या बाजूले पानोळाच पानोळा!"

त्या आमच्या मायला मास्तरीन म्हणत. मास्तरची बायको म्हणून.

दोनतीन दिवस मायने हे ऐकलं. मग एका सकाळी, खराटा हातात असताना, ती नालीशी थांबली नाही. सरळ पलीकडे गेली, झाडाच्या बुंध्याभोवतीचा सगळा पाला गोळा केला, टोपल्यात भरला आणि उकिरड्यावर टाकून आली. कामाच्या दृष्टीने हे अगदी बरोबर होतं. कचरा जिथून येतो तिथे झाडावं, हे मी आजही सगळ्यांना सांगते. त्या दिवशी आमच्या बाजूला एक पान आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तरी पलीकडची बाजू तशीच होती. मालकीणबाई वसरीवर बसून सावकाश दात घासत होत्या.

"मास्तरीन, तुमचा हात लय साफ हाय हो," त्या म्हणाल्या. "काल माह्या दारचं अंगन अस्सं दिसत होतं का जनू लग्नघर."

मायने ते कौतुक म्हणून घेतलं आणि पुन्हा झाडलं. इथे तिची चूक झाली. ती पानांसाठी झाडत होती, कौतुकासाठी नाही. पण दोन्ही एकाच खराट्याखाली आली.

चार दिवसांत पलीकडची बाजू मायची झाली. मग झाडाखालून म्हशीपर्यंत. "तेवढं गोठ्यासमोर फिरवून घेजो वं, मले वाकता येत नाई." घेजो. 'तुम्ही' जाऊन 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. पानांसारखंच तेही नाली ओलांडून आलं. मग न्हाणीची बाहेरची बाजू. मग भिंतीचा खालचा भाग सारवायचा. आतलं काही सांगितलं नाही. आत मायला नेता येत नव्हतं. "आतलं मी करतो, बाहेरचं तू पाह्य," अशी त्यांनी कामाची वाटणी केली. (आमच्याकडे बायाही 'मी करतो, मी जातो' असंच म्हणतात.) वाटणी बघायला अगदी सारखी होती.

त्या दिवसांत शहरात सफाईचे कार्यक्रम चालायचे. पांढऱ्या कपड्यांतली मोठी मंडळी सकाळी नवेकोरे खराटे घेऊन आमच्या गल्लीत आली आणि आदल्या दिवशी झाडलेली गल्ली पुन्हा झाडून गेली. मालकीणबाईंनी त्यांना वसरीवरून हात जोडले.

"पाहा वं," त्या मायला म्हणाल्या, "इतले मोठे लोकं, पन झाडाची लाज नाई."

"त्याइले घरी जाऊन खराटा ठेवता येते बाई," माय म्हणाली, आणि म्हशीसमोरचं उरलेलं झाडायला गेली.

हे तिच्या तोंडून का आलं ते सांगायला हवं. गावी आमच्या लोकांकडे वंशपरंपरेची कामं असत. पाटलाच्या दारचं झाडायचं, चावडी झाडायची, मेलेलं ढोर ओढून न्यायचं, आणि संध्याकाळी घरोघर जाऊन भाकर मागून आणायची. माय नवरी होऊन आली तेव्हा पाटलाचं अंगण तिच्या वाट्याला आलं होतं. दीक्षेच्या वर्षी आमच्या सगळ्या घरांनी ही कामं सोडली. गावाने आमचं पीठ दळणं बंद केलं, किराणा बंद केला, तरी सोडली ती सोडली. ती सोडायचं ठरलं त्या सभेत बाबांनी भाषण केलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

होळी झाली. आम्ही होळी सोडली होती. नव्या धर्मात सगळं मला पटलं होतं, फक्त होळीबरोबर पुरणपोळी जाणार हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. होळीच्या दुसऱ्या दिवशी माय झाडून परत येत होती, तेव्हा नालीच्या काठावर पळसाच्या पानावर दोन पुरणपोळ्या ठेवलेल्या दिसल्या. कालच्या.

"घेऊन जा वं," मालकीणबाई वसरीवरून म्हणाल्या. "पोराइले दे. सनासुदीचं काम करनाऱ्याले खाली हातानं नाई पाठवत मी."

माय तिथे उभी राहिली. मला वाटलं पोळ्या पाहून तिलाही माझ्यासारखंच झालं असेल. तिने पान उचललं, आत आणलं आणि चुलीजवळ ठेवलं. मी आणि ताई बघत बसलो.

"खाय," ती मला म्हणाली.

"तुले?"

"मले नको. मी लय खाल्ल्या अशा."

मी दोन्ही खाल्ल्या. शिळी पुरणपोळी ताजीपेक्षा चांगली लागते, हे माझं मत अजून बदललेलं नाही. ताईने हात लावला नाही. ती म्हणाली, "माय, ही भाकरच झाली न?" मायने पळसाचं पान चुलीत टाकलं.

शनिवारी बाबा आले. मायने त्यांना सगळं सांगितलं, एका दमात, हातातली तूर निवडता निवडता. बाबांनी चष्मा काढून पुसला.

"पेपर व्हेपर्यंत चालू दे," ते म्हणाले. "मंग पाहू."

"तुमी तं सभेत म्हनलं होतं, मेलो तरी दुसऱ्याच्या दारी खराटा धरनार नाई."

"सभेत म्हनलं होतं. सभेत खोली नाई पाहा लागत."

"मंग उद्याचं तुमी झाडा."

"मी?"

"हो. सभेत नाई, अंगनात."

बाबांनी चष्मा पुन्हा पुसला. तो आधीच स्वच्छ होता. "पोरीचं वरीस जाईन," ते हळूच म्हणाले. "हे एवढं लक्षात ठेव. ते जागा खाली करा म्हनली तं या दिवसांत कोन देईन आपल्याले?"

ते चूक बोलत नव्हते. म्हणून रविवारी सकाळी मायने दोन्ही बाजू झाडल्या, आणि बाबा ती झाडून होईपर्यंत पांघरूण डोक्यावर घेऊन जागे पडून राहिले.

असं पेपर संपेपर्यंत चाललं असतं. मायने मनाशी तसं ठरवलंच होतं. ताईच्या मॅट्रिकची किंमत म्हणून ती नालीपलीकडे वाकत होती, आणि वर्षभर कापूस वेचला तशी हीही गोष्ट वेचून टाकायची, असं तिने धरलं होतं.

परीक्षा तोंडावर आलेली. माय नळावर गेली होती. ताई पायरीवर भूगोल पाठ करत होती, मी पाटीवर काहीतरी गिरवत होते. मालकीणबाईंकडे पाहुणे यायचे होते, नागपूरला नोकरीला असलेल्या मुलाकडचे.

"ए पोरी," त्यांनी ताईला हाक मारली. "माय नळावर गेली वाट्टे. पाहुने येऊन राह्यले माह्याकडं. तू मार बरं तेवढा एक हात. ऊठ. पुस्तक कुठी पळून नाई जात."

ताई मोठ्या माणसाला नाही म्हणणाऱ्यांतली नव्हती. तिने पुस्तक पालथं ठेवलं, भिंतीला टेकलेला खराटा उचलला आणि नाली ओलांडली.

माय पाण्याने भरलेला गुंड कमरेवर घेऊन आली तेव्हा ताई म्हशीसमोर वाकलेली होती. माय ओरडली नाही. आत गेली, गुंड जागेवर ठेवला, झाकण घातलं, पदर नीट केला. मग पलीकडे जाऊन ताईच्या हातातून खराटा काढून घेतला.

"हात धू. पुस्तक घे."

"काऊन वं?" मालकीणबाई वसरीवरून म्हणाल्या. "मीच सांगतलं तिले."

"हो बाई. येतो मी थोड्या वेळानं."

आत येऊन तिने चूल पेटवली. भिजवलेले गहू घरात होते, गूळ होता. दूध मालकीणबाईंच्याच म्हशीचं. आम्ही ते रोज त्यांच्याकडूनच विकत घ्यायचो, त्या वरून धार सोडत आणि माय खाली भांडं धरी. त्या दुधात मायने गव्हाची खीर केली. घरातली पितळी वाटी चिंचेने घासून अशी चकचकीत केली की तिच्यात तोंड दिसावं. खीर भरली, वर झाकण घातलं आणि वाटी दोन्ही हातांत धरून ती नाली ओलांडून गेली. आम्ही दोघी दाराआडून बघत होतो.

"हे काय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"खीर. तुमी होळीच्या पोळ्या देल्ल्या. आमच्याकडून काई आलं नोतं. शेजारधरम हाय, रिकामं कसं राहाचं?"

मालकीणबाईंनी वाटीकडे पाहिलं. मी त्यांचा तो चेहरा अजून विसरले नाही. घेतली तर खावी लागणार. नाही घेतली तर पोळी काय म्हणून दिली होती ते सांगावं लागणार.

"मले गोड चालत नाई," त्या म्हणाल्या. "दात दुखते." होळीला त्यांनी किती पोळ्या खाल्ल्या ते त्यांनी स्वतःच आम्हाला मोजून सांगितलं होतं.

"पाहुन्याइले होईन."

"ठेव तिथी."

मायने वाटी वसरीच्या काठावर ठेवली. "अन् बाई, झाडाचं तुमचं तुमी पाहा आता. माह्या बाजूचं मी करतो. शेजारी तसंच करते."

"म्हंजे आता मी झाडू काय? या गुडघ्यानं?"

"माह्या बाजूची घान तुमाले कधीच दिसनार नाई, ते माह्याकडं. पन दुसऱ्याचं दार आम्ही सोडलं बाई. माह्या पोरीच्या हातात तं खराटा देऊच नका."

"मंग दुसरी खोली पाह्य."

"पाह्यतो. पोरीचे पेपर होऊ द्या."

इथे सगळं अडकलं होतं. दाराआड ताईने माझा दंड घट्ट धरला. मालकीणबाईंचा नागपूरचा मुलगा मॅट्रिकला लागोपाठ नापास झाला होता, आणि त्या परीक्षेचा धाक आमच्यापेक्षा त्यांना जास्त होता. ऐन पेपराच्या तोंडावर कोणाच्या पोरीला घराबाहेर काढणं त्यांच्या हिशेबात कुठल्यातरी मोठ्या पापात बसत असावं.

"पेपर झाले का लगेच," त्या म्हणाल्या.

"लगेच," माय म्हणाली.

ती वळल्यावर मालकीणबाईंनी पदराच्या टोकाने वाटी उचलली आणि खीर म्हशीच्या टोपल्यातल्या चाऱ्यावर ओतली. म्हशीने मिटक्या मारत खाल्ली. तिचंच दूध तिच्याकडे परत गेलं. संध्याकाळी तिने भरपूर दूध दिलं आणि गल्लीतल्या सगळ्या घरांत ते गेलं. आमची खीर अशी एका दिवसात सोवळ्या-ओवळ्याच्या सगळ्या घरी पोचली. वाटी नालीच्या काठावर पालथी मिळाली. मायने ती पुन्हा घासली.

नंतरचे दिवस मायला फार जड गेले. झाडण्यापेक्षा न झाडणं तिला कठीण होतं. पलीकडे पाला साचत होता, शेण वाळत होतं, आणि ती नालीशी येऊन खराटा धरून उभी राहायची, पाण्याच्या काठावर पोहता येणारा माणूस उभा राहावा तशी. मग मागे वळायची. वाऱ्याने इकडे आलेली पानं दिवसातून कितीदाही वेचायची, पण वेचायची ती अलीकडचीच. पाचव्या सहाव्या दिवशी मालकीणबाई स्वतः खराटा घेऊन उतरल्या. आमच्या दाराकडे बघत, मोठ्याने कण्हत, त्यांनी झाडाभोवतीचं तेवढं झाडलं. माय आत तांदूळ निवडत होती. खडा एकही सापडत नव्हता, तरी निवडत होती.

ताईने सगळे पेपर त्याच पायरीवर बसून अभ्यास करून दिले. ती पास झाली, हे इथेच सांगून टाकते. वाचणाऱ्याला उगाच टांगून ठेवणं मला आवडत नाही. मामाने पाहिलेल्या मुलाला मॅट्रिक झालेली बायको नको होती, त्यामुळे मामाचाही प्रश्न मिटला.

पण निकाल दूर होता. शेवटच्या पेपरच्या दिवशी मायने सामान बांधायला घेतलं. शब्द दिला होता. बाबांनी स्टेशनपलीकडे एक पत्र्याची खोली पाहिली होती, आणि रविवारी सामान न्यायला बैलबंडी आणायचं ठरलं. माय बांधाबांधीत रेंगाळणारी कसली, तिने एका दुपारीत भांडी पोत्यात, वाकळी गाठोड्यात, पुस्तकं पेटीत घालून सगळं खोलीच्या मधोमध रचलं. भिंती उघड्या पडल्या. वरून कापसाचा एक पुंजका आला आणि गाठोड्यावर बसला.

मालकीणबाई उंबऱ्याशी आल्या. गाठोड्यांकडे पाहिलं. आता काहीतरी बोलतील म्हणून आम्ही थांबलो.

"काय सैपाक?"

"वरन-भात," माय म्हणाली.

त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या, पाहिलं, गेल्या. माय विचारत नव्हती, त्या सांगत नव्हत्या. शनिवारी त्या तिसऱ्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या नाकाला काहीतरी खरंच खुपलेलं दिसलं.

"काय हो मास्तरीन, हा काय पसारा? गाठोडे काय, पोते काय! उंदीर होतीन माह्या खोलीत. इतले दिवस साफ ठेवलं अन् आता असं?"

माय त्यांच्याकडे बघत राहिली. "जागच्या जागी लावून टाकू म्हन्ता?"

"मंग काय असंच ठेवता? मी काय नवीन भाडेकरू पाहाले गल्लोगल्ली हिंडू या गुडघ्यानं?"

खाली करायचं राहिलं, असं कोणी म्हटलं नाही. माफी वगैरे शब्द त्या अंगणात कधी आलेच नाहीत. मायने मान हलवली, आणि मालकीणबाईंची पाठ वळायच्या आत पहिल्या गाठोड्याची गाठ सोडली. दिवेलागणीपर्यंत प्रत्येक भांडं आपल्या जागेवर होतं.

बाबांना हे कोण सांगणार? त्या शनिवारी ते घरी न येता बंडी बघायला खेड्यातच राहिले होते. रविवारी सकाळी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. बाबा बंडीच्या पुढे चालत, चेहरा बंडीपेक्षा जड करून आले. अंगणात दोन बाया आपापल्या बाजू झाडत होत्या.

"मास्तर, बंडी काहाले आनली?" मालकीणबाई कंबर सरळ करत ओरडल्या. "बैलं घान करतीन अंगनात!"

बाबांनी मायकडे पाहिलं. माय झाडत राहिली. तेवढ्यात बैलांनी मालकीणबाईंचं बोलणं खरं केलं. दोन्ही बैलांनी, नालीच्या पलीकडे, झाडलेल्या जागेवर, भरपूर. बंडीवाला लाजून हसला.

बैलाचं ताजं शेण ज्याला सारवायचं असतं त्याच्या दृष्टीने मोलाची गोष्ट असते. म्हशीच्या शेणाने जमीन तेवढी छान धरत नाही. वर्षभर माय रस्त्यावरून ते वेचून आणायची. तिची नजर तिकडे गेली हे मी पाहिलं, आणि ती लगेच काढून घेतली हेही पाहिलं. ते पलीकडे होतं.

मालकीणबाई टोपलं घेऊन आल्या. वाकल्या, कण्हल्या, भरायला लागल्या. मग टोपलं अर्धं असतानाच थांबल्या.

"मास्तरीन, तुमचं टोपलं आना," त्या म्हणाल्या. "निम्मं घ्या. खोल्या सारवा लागतीन न आता?"

मायने खराटा भिंतीला टेकवला आणि आतून टोपलं आणलं. नालीच्या काठावर ती अलीकडे बसली, त्या पलीकडे, आणि चारी हात शेणात घालून दोघींनी बरोबर निम्मं निम्मं केलं. बाबा अजून बंडीला धरून उभे होते.